काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरच्या शिल्लक सर्व्हिस : स्वरूप, धोके व निर्मूलन

सारांश : विंडोज प्रणालीवरील सॉफ्टवेअर काढून टाकल्यानंतरही त्याच्या काही नोंदी संगणकात शिल्लक राहतात व संगणक सुरू होताना कार्यान्वित होऊ पाहतात. प्रस्तुत लेखात या नोंदी का उरतात, त्यांपासून कोणता धोका संभवतो आणि त्या सुरक्षितपणे कशा काढाव्यात, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : विंडोज, सर्व्हिस, रजिस्ट्री, अनइन्स्टॉल, फिल्टर ड्रायव्हर, संगणक सुरक्षा.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाचे कार्यालय, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा या तिन्ही ठिकाणी संगणकाचा वापर अपरिहार्य झाला आहे. एखादे सॉफ्टवेअर बसवणे आणि गरज संपताच ते काढून टाकणे ही नित्याची बाब होय. मुदत संपलेले अँटिव्हायरस, बदललेल्या प्रिंटरचे सॉफ्टवेअर, हार्डवेअर लॉकवर चालणारे जुने संच अशी अनेक उदाहरणे देता येतील. तथापि कंट्रोल पॅनेलमधील यादीतून नाव नाहीसे झाले म्हणजे ते सॉफ्टवेअर समूळ गेले, हा समज बरोबर नाही. घर सोडून गेलेल्या भाडेकरूजवळ किल्ली राहून जावी, तशी त्याची एखादी सर्व्हिस प्रणालीत राहून जाते. विषय तांत्रिक असला तरी संगणकाची जबाबदारी सांभाळणाऱ्या कोणत्याही विषयाच्या प्राध्यापकास तो समजणे आवश्यक आहे.

२. सर्व्हिस म्हणजे काय ?

वापरकर्त्याने लॉग-इन करण्यापूर्वीच, पडद्यावर कोणतीही खिडकी न दाखवता, पार्श्वभूमीत चालू शकणाऱ्या प्रोग्रॅमला विंडोजमध्ये ‘सर्व्हिस’ म्हणतात. १९९३ च्या विंडोज एनटीपासून ही रचना अस्तित्वात आहे. सर्व सर्व्हिसची नोंद रजिस्ट्रीच्या लोकल मशीन शाखेत, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट व सर्व्हिसेस या क्रमाने गेल्यास सापडते. प्रत्येक नोंदीत दोन बाबी महत्त्वाच्या असतात. ‘इमेज पाथ’ कोणती फाइल चालवायची हे सांगतो, तर ‘स्टार्ट’ ती केव्हा चालवायची हे सांगतो. स्टार्टचे मूल्य ० किंवा १ असल्यास ती नोंद प्रणाली उभी राहतानाच लागणाऱ्या ड्रायव्हरची असते. २ म्हणजे स्वयंचलित, ३ म्हणजे मागणीनुसार आणि ४ म्हणजे बंद. ड्रायव्हर व सर्व्हिस यांच्या नोंदी एकाच ठिकाणी असतात, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी लागेल.

संगणकासोबत सुरू होणाऱ्या सर्वच गोष्टी सर्व्हिस नसतात. रजिस्ट्रीतील ‘रन’ नोंदी, स्टार्टअप फोल्डर आणि टास्क शेड्यूलर हे त्याचे अन्य मार्ग होत. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत कधीकधी चित्र नसलेले, नुसते ‘प्रोग्रॅम’ एवढेच नाव दिसते. ते बहुधा अशाच अनाथ नोंदीचे असते. फाइल अस्तित्वात नाही आणि मार्ग अवतरणचिन्हांत दिलेला नाही, त्यामुळे ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या नावातील पहिला शब्दच तेवढा वाचला जातो.

३. नोंदी शिल्लक का राहतात ?

याची कारणे प्रामुख्याने पुढीलप्रमाणे सांगता येतील.

अ) अनइन्स्टॉलर फक्त स्वतःच्या यादीतील वस्तू काढतो. सॉफ्टवेअरने बसवल्यानंतर स्वतःहून उतरवून घेतलेले भाग त्या यादीत असतीलच असे नाही.

आ) एकाच कंपनीची दोन सॉफ्टवेअर एखादी सर्व्हिस सामाईकपणे वापरत असल्यास पहिले काढताना ती मुद्दाम ठेवली जाते. पुढे दुसरेही गेले तरी ती राहू शकते.

इ) ज्या सर्व्हिसचा वापर अन्य प्रोग्रॅम करीत असेल ती तत्काळ पुसली जात नाही, तर ‘पुसण्यासाठी चिन्हांकित’ होते. १०७२ क्रमांकाचा त्रुटिसंदेश हेच सांगतो. अनेकदा सर्व्हिसेसची खिडकी उघडी असणे एवढेच त्याचे कारण असते.

ई) वापरकर्ता अनइन्स्टॉलर न चालवता थेट फोल्डर पुसतो. फाइल जाते, नोंद राहते.

४. धोक्याचे स्वरूप

शिल्लक नोंदींमुळे संगणक मंद होतो असे सरसकट म्हटले जाते. फाइल नसलेल्या नोंदीच्या बाबतीत हे फारसे खरे नाही. विंडोज ती फाइल शोधते, सापडत नाही, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७००० क्रमांकाची नोंद करून पुढे जाते. वेग कमी होतो तो फाइलसह जिवंत राहिलेल्या सर्व्हिसमुळे.

खरा धोका सुरक्षिततेचा आहे. अनेक सर्व्हिस ‘लोकल सिस्टीम’ या खात्याच्या अधिकाराने, म्हणजे जवळजवळ अमर्याद अधिकाराने चालतात. समजा, एखाद्या सर्व्हिसची फाइल सी ड्राइव्हच्या मुळाशी केलेल्या फोल्डरात होती आणि तो फोल्डर पुसला गेला. मूळ व्यवस्थेनुसार त्या जागी नवा फोल्डर करण्याची मुभा सामान्य वापरकर्त्यालाही असते. त्याने त्याच नावाची दुसरी फाइल तेथे ठेवली, तर संगणक पुन्हा सुरू होताच ती सर्वोच्च अधिकाराने चालेल. ज्या प्रयोगशाळेत एकच संगणक दिवसभरात अनेक विद्यार्थी हाताळतात, तेथे ही शक्यता केवळ पुस्तकी मानता येत नाही.

५. एक बोधप्रद उदाहरण

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण २००५ सालचे आहे. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रसिनोविच या संगणकतज्ज्ञांनी आपला शोध प्रसिद्ध केला. सोनी बीएमजी कंपनीच्या संगीताच्या काही सीडी संगणकात घातल्या असता नक्कलप्रतिबंधासाठी ‘एक्ससीपी’ नावाचे सॉफ्टवेअर बसवले जात असे व ते स्वतःला लपवत असे. त्यातील एका सर्व्हिसचे नाव ‘प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर’ असे होते. ते विंडोजच्याच एखाद्या घटकाचे वाटावे असे होते. काढून टाकण्याची सोय मात्र त्यासोबत दिलेली नव्हती.

रसिनोविच यांनी ड्रायव्हरच्या फाइली व नोंदी हाताने काढल्या. त्यानंतर संगणकातून सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला. त्या सॉफ्टवेअरने सीडी ड्राइव्हच्या मार्गात आपला ‘फिल्टर ड्रायव्हर’ बसवला होता. ड्रायव्हर गेला, पण ड्राइव्हच्या नोंदीत त्याचे नाव तसेच राहिले. साखळीतील एक कडी सापडेना, म्हणून विंडोजने संपूर्ण उपकरणच नाकारले. फिल्टरच्या यादीतून ते नाव काढल्यावर ड्राइव्ह पूर्ववत झाला.

प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. टीकेनंतर कंपनीने संकेतस्थळाद्वारे अनइन्स्टॉलर देऊ केला. नोव्हेंबर २००५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील एड फेल्टन व ॲलेक्स हॅल्डरमन यांनी दाखवून दिले की, त्या अनइन्स्टॉलरचाच एक भाग संगणकात मागे राहतो आणि त्यामुळे कोणतेही संकेतस्थळ त्या संगणकावर हवा तो प्रोग्रॅम चालवू शकते. कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या समझोत्यात, सॉफ्टवेअर काढण्याच्या प्रयत्नात झालेल्या नुकसानीपोटी ग्राहकास १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याची अट होती. शिल्लक राहणारा भाग आणि घाईने केलेले निर्मूलन, दोन्ही सारखेच घातक ठरू शकतात, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

६. निर्मूलनाची पद्धती

१) प्रथम सॉफ्टवेअरचा स्वतःचा अनइन्स्टॉलर वापरावा व संगणक पुन्हा सुरू करावा. अँटिव्हायरससाठी बहुतेक उत्पादक स्वतंत्र निर्मूलन साधन देतात. ते असल्यास हाताने काहीही करू नये.

२) सर्व्हिसेसच्या खिडकीत संशयित नोंदीचे गुणधर्म उघडून फाइलचा मार्ग पाहावा. मार्ग ‘एसव्हीसी होस्ट’ या फाइलचा असेल तर थांबावे. तिच्या आश्रयाने विंडोजच्या अनेक सर्व्हिस चालतात.

३) सिसइंटर्नल्सचे ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन सुरुवातीच्या सर्व नोंदी एकत्र दाखवते व ज्यांची फाइल सापडत नाही त्या पिवळ्या रंगात दर्शवते. सिसइंटर्नल्स २००६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे.

४) ‘डिपेन्डन्सीज’ या विभागात त्या नोंदीवर अन्य कोणती सर्व्हिस अवलंबून आहे काय, हे तपासावे. अवलंबून असणारी सर्व्हिस मागे राहिल्यास ती १०७५ क्रमांकाची त्रुटी दाखवून बंद पडते.

५) नोंद लगेच पुसू नये. सर्व्हिस थांबवून तिचा प्रकार ‘डिसेबल्ड’ करावा आणि काही दिवस काम करून पाहावे. अडचण आल्यास पूर्वस्थिती आणणे सोपे जाते. ड्रायव्हरच्या नोंदीस मात्र हा उपायही जपूनच करावा. फिल्टर ड्रायव्हर असल्यास आधी उपकरणाच्या यादीतील त्याचे नाव काढावे लागते.

६) त्यानंतर रजिस्ट्रीतील ती नोंद एक्स्पोर्ट करून ठेवावी, रिस्टोअर पॉइंट करावा आणि प्रशासकीय अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर ‘एससी’ या साधनाची ‘डिलीट’ आज्ञा द्यावी. तिच्यापुढे सर्व्हिसचे अंतर्गत नाव लिहावे, यादीत दिसणारे नाव नव्हे. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये ‘एससी’ ही अक्षरे वेगळ्याच आज्ञेचे संक्षिप्त रूप आहेत, म्हणून तेथे फाइलचे पूर्ण नाव द्यावे लागते.

७) शेवटी संगणक पुन्हा सुरू करून ७००० क्रमांकाची नोंद थांबली का, हे पाहावे.

एका क्लिकमध्ये रजिस्ट्री स्वच्छ करण्याचे आश्वासन देणाऱ्या साधनांचा मोह टाळावा. अशा साधनांच्या वापराला मायक्रोसॉफ्टचे समर्थन नाही. कोणती नोंद निरुपयोगी आहे, हा निर्णय ती जाणणाऱ्या व्यक्तीनेच घ्यावयाचा असतो.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सॉफ्टवेअर बसवण्याइतकीच ते काढण्याची प्रक्रियाही दक्षतेची आहे. वेग वाढवणे हा या कामाचा दुय्यम लाभ होय. आपल्या संगणकावर कोण, कोणाच्या अधिकाराने चालते आहे हे ठाऊक असणे, हा मुख्य हेतू. प्रयोगशाळेच्या जडवस्तू नोंदवहीत यंत्रांची नोंद असते. त्याचप्रमाणे प्रत्येक संगणकावर काय बसवले, केव्हा काढले आणि काढल्यानंतर सर्व्हिसची यादी कोणी तपासली, याचीही नोंद ठेवल्यास अनेक अडचणी उद्भवण्यापूर्वीच टाळता येतील. विद्यार्थ्यांच्या संगणकांची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी सत्रारंभी हे काम अवश्य करावे.