एकट्याचं पथ्य टिकत नाही

चेन्नईतल्या घरी जेवायला बसलं की भात तीनदा वाढला जातो. आधी सांबारभात, मग रसमभात, शेवटी दहीभात. घरातल्या एकाला मधुमेह निघाला की फक्त त्याच्या ताटातला भात कमी होतो. बाकीच्यांची ताटं तशीच. चार दिवस तो निग्रहानं जेवतो. पाचव्या दिवशी प्रेमानं आग्रह होतो, ‘एवढ्याशा दहीभातानं काय होतंय?’ आणि पथ्य मोडतं. पुण्या-नागपुरातही हेच होतं, फक्त तिथे दहीभाताच्या जागी पुरणपोळी असते.

मधुमेहाच्या संशोधनात चेन्नईचं नाव मोठं. इथल्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मधुमेहाचा धोका ओळखायची सोपी गुणपद्धत मांडली. एकूण गुण 100, आणि 60 किंवा अधिक भरले तर धोका मोठा. वयाला जास्तीत जास्त 30 गुण. आई-वडील दोघांना मधुमेह असेल तर 20. कमरेच्या घेराला 20 पर्यंत आणि बैठ्या जगण्याला 30 पर्यंत. म्हणजे वारशानं आलेले 20, तर बदलता येण्याजोगे 50. पण हे 50 तरी एकट्याच्या हातात कुठे असतात? फोडणीत तेल किती आणि जेवणानंतर फेरी की टीव्ही, हे घराच्या वळणावरच ठरतं.

हे वळण बदलता येतं. चेन्नईतच डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा अभ्यास केला. तीन वर्षांत नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम बदललेल्यांत हे प्रमाण 39 टक्के राहिलं. तिरुमंगलमच्या एशियाड कॉलनीत तर संशोधकांनी जागृती केल्यावर रहिवाशांनी स्वतः पैसे जमवून उद्यान उभारलं. आठवड्यातून तीनदाहून अधिक व्यायाम करणारे तिथे सुमारे 14 टक्के होते, ते 59 टक्क्यांच्या आसपास गेले. शेजारीपाजारी फिरायला निघाले की घरात बसून राहणं जिवावर येतं.

म्हणून घरात एकाला मधुमेह निघाला, तर टेप सगळ्यांच्याच कमरेला लावावी. पुरुषांचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत हवा, बायकांचा 80 च्या. आणि एकाचं ताट वेगळं करण्याऐवजी भाताचं पातेलंच लहान घ्यावं, भाजीची कढई मोठी. पथ्य सगळ्यांचं झालं की आग्रह करायला कुणी उरत नाही.