दोन कागदांची साक्ष

'सीआयडी' मालिकेत डॉ. साळुंखे बघता बघता विषाचं नाव सांगतात, एसीपी प्रद्युम्न त्यांची फिरकी घेतात आणि अभिजीतचं निम्मं लक्ष डॉ. तारिकाकडे असतं. 1998 साली सुरू झालेल्या या मालिकेने न्यायवैद्यकाची एवढीच ओळख घरोघरी पोचवली. इंदूरच्या एमवाय रुग्णालयात शवविच्छेदन झालं आणि 'व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे अंश) राखून ठेवला, मत राखीव' असा शेरा पडला, की नातेवाईक म्हणूनच चक्रावतात. डॉक्टरला कळलं नाही, की त्याला कुणी गप्प केलं?

इथलं खरं कोडं सल्फासचं.

माळवा गव्हाचा मुलूख. धान्याला कीड लागू नये म्हणून कोठारात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, म्हणजेच सल्फासच्या, गोळ्या ठेवतात. तीन ग्रॅमच्या गोळीला ओल लागली की साधारण एक ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. पोटातही तेच होतं, आणि त्यावर उतारा नाही. जठर उघडताना लसणासारखा वास येतो. हा वायू शव कापणाऱ्यालाही बाधू शकतो, त्यामुळे हवा खेळती ठेवूनच हे काम करायचं.

पण वास म्हणजे पुरावा नव्हे. जठरातला थोडा अंश पाण्यात मिसळून चंबूत कोमट करतात आणि तोंडावर सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवलेला कागद धरतात. फॉस्फिन असेल तर कागद काळा पडतो. गंमत अशी, की कुजण्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडनेही तो काळाच होतो! म्हणून शेजारी लेड ॲसिटेटचा दुसरा कागद. पहिला काळा आणि दुसरा कोरा राहिला, तर संशय फॉस्फिनवर जातो. दोन्ही काळे झाले, तर गप्प बसायचं. काही पैशांच्या कागदाची ही शिस्त भल्याभल्या यंत्रांहून मोहक वाटते.

पुढची पायरी प्रयोगशाळेची, आणि अडचणींची. राज्याची मुख्य प्रयोगशाळा सागरला, प्रादेशिक इंदुरात. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त पाण्यात घालतात. बाटली दोन तृतीयांशच भरायची, नाहीतर कुजण्याच्या वायूने झाकण उडतं. झाकण सैल राहिलं किंवा तपासणी लांबली, तर फॉस्फिन निघून जातो आणि अहवाल येतो: विष आढळलं नाही. पोलीस ठाण्याचा अधिकारी मग डॉक्टरवर उखडतो, डॉक्टर प्रयोगशाळेकडे बोट दाखवतो, प्रयोगशाळा बाटलीच्या सीलकडे. प्रत्येकाला वाटतं, आपलं काम आपण चोख केलं होतं. बहुतेकदा ते खरंही असतं.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहिता दगावली असेल, तर हा ताण आणखी वाढतो. माहेरचे आणि सासरचे, दोघेही उत्तर मागतात. कागद फार तर कोणतं विष ते सांगेल. गोळी कुणाच्या हातून पोटात गेली, हे त्याला ठाऊक नसतं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षं दिली. नमुने त्यामुळे वाढणारच. ते तपासायला तितकी माणसं नसतील, तर बाटल्या फडताळात थांबतील, आणि बदली होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या डॉक्टरला कोर्टाचं समन्स येईल तेव्हा बचाव पक्षाचा पहिला प्रश्न सीलबद्दलचाच असेल.