सुई नसलेली सिरिंज

'भाची काय करते?' 'इंग्लंडात नर्स आहे.' या दोन वाक्यांवर मी पंधरा-वीस वर्षं निभावून नेलं. पुढे कुणी 'कुठल्या हॉस्पिटलात?' असं विचारलं की मात्र माझी पंचाईत व्हायची. पहिली काही वर्षं ती हॉस्पिटलात होती, पण पुढे पुन्हा अभ्यास करून तिनं नर्सिंगची एक वेगळीच शाखा धरली आणि तेव्हापासून ती कुठल्याच हॉस्पिटलात नाही. ती लोकांच्या घरी जाते, एवढंच मला माहीत होतं. घरी जाऊन काय करते, हे मी कधी विचारलं नव्हतं. २०२४ च्या उन्हाळ्यात लेस्टरला तिच्याकडे दोन महिने राहिलो, तेव्हा ते कळलं.

पहिल्याच सोमवारी सकाळी तिनं कामावर न्यायची पिशवी दाराशी ठेवली आणि ती किल्ली शोधायला आत गेली. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसऱ्याची कागदपत्रं तपासायची खोड असते. मी डोकावलो. आत एक सिरिंज होती, पण तिला सुई नव्हती. कातडी बधिर करणाऱ्या मलमाची ट्यूब होती. रक्तदाब मोजायचं यंत्र, मोठ्या चित्रांची नि मोजक्या शब्दांची दोन-तीन पुस्तकं, फिट आल्याची नोंद करायच्या वह्या आणि एक रंगीत तक्ता. तक्त्यावर माणसाच्या शौचाचे सात प्रकार चित्रांसह छापले होते. मी तो घाईघाईनं परत ठेवला. सकाळची वेळ, चहा व्हायचा होता.

तिनं मला एकाही घरी नेलं नाही. 'नुसता गाडीत बसून राहीन,' असंही म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "मामा, बँकेत असताना तुम्ही एका खातेदाराचा बॅलन्स दुसऱ्याला सांगायचात का?" विषय संपला. जे काही सांगितलं ते नाव, गाव, वय पुसून, रात्री भांडी आवरताना. त्यामुळे इथे जे लिहितो आहे त्यात कुणाची ओळख शोधू नये.

आधी शब्दाचा घोटाळा मिटवायला हवा. 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हटलं की आपल्याकडे अक्षरं उलटसुलट दिसणारं, गणितात अडकणारं, एरवी हुशार मूल डोळ्यांसमोर येतं. ब्रिटनमध्ये याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे. आपण पूर्वी ज्यांना सर्रास मतिमंद म्हणायचो आणि आता कायद्याच्या भाषेत बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती म्हणतो, त्यांच्यासाठी तिथे तो वापरतात. तिथल्या नर्सिंगच्या चार शाखा आहेत: प्रौढांची, मुलांची, मानसिक आजारांची आणि ही चौथी. ती निवडणारे विद्यार्थी आता तिथेही कमी झालेत आणि काही विद्यापीठांनी तो अभ्यासक्रम बंद केलाय.

या चौथ्या शाखेचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही, हे भाचीनंच सांगितलं. १९१३ च्या कायद्यानं अशा माणसांची अधिकृत प्रतवारी केली होती. त्यातले 'इडियट' आणि 'इम्बेसाइल' हे शब्द शिवी म्हणून आपल्यापर्यंतही पोचले. गावाबाहेर मोठमोठ्या वसाहती होत्या. तिथे माणूस लहानपणी आत जायचा तो बहुधा परत यायचा नाही. १९६७ साली कार्डिफच्या एली रुग्णालयातल्या एका कर्मचाऱ्यानं आतल्या मारहाणीची नि चोऱ्यांची हकिगत वर्तमानपत्राकडे दिली. पुढे अर्थमंत्री झालेल्या जेफ्री हाऊ यांनी तिची चौकशी केली, १९६९ मध्ये अहवाल आला आणि १९७१ च्या श्वेतपत्रिकेनं या माणसांना हळूहळू गावात आणायचं ठरवलं. १९७९ च्या जे समितीनं तर या कामाला नर्स हवीच कशाला, असा प्रश्न केला. ती सूचना अमलात आली नाही. माणसं गावात आली, छोट्या घरांतून राहू लागली आणि नर्स त्यांच्या मागोमाग मोटार घेऊन गावात आली. म्हणून 'कम्युनिटी' नर्स. मारहाण मात्र तेवढ्यानं संपली नाही. २०११ मध्ये बीबीसीनं ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयात छुपा कॅमेरा नेला. तिथे जे दिसलं त्याबद्दल अकरा कर्मचारी दोषी ठरले. आत काय चाललंय हे आधी तक्रार करून सांगणाराही एक नर्सच होता. त्याची तक्रार मात्र कुणी मनावर घेतली नव्हती.

आता त्या सुई नसलेल्या सिरिंजबद्दल.

डाउन सिंड्रोम असलेला एक पन्नाशीचा गृहस्थ. गेले काही महिने तो सुस्त झालेला, कपडे उलटे घालणारा, नेहमीच्या बसचा नंबर विसरणारा. डाउन सिंड्रोममध्ये स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा बराच लवकर गाठतो, त्यामुळे सगळ्यांनी तेच गृहीत धरलं. पण याच लोकांत थायरॉइडची तक्रारही फार, तिची लक्षणं अशीच असतात आणि ती गोळीनं आटोक्यात येते. खरं काय ते रक्त तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि हा सुई पाहिली की टेबलाखाली जाऊन बसणार. लहानपणी चौघांनी धरून त्याचं रक्त घेतलं होतं म्हणे.

भाची पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं पिशवी उघडलीच नाही. चहा घेतला, त्याच्या जुन्या बसतिकिटांचा संग्रह पाहिला आणि निघाली. दुसऱ्या भेटीत पिशवी टेबलावर ठेवली. तिसऱ्या भेटीत सिरिंज त्याच्या हाती दिली. त्यानं तिनं भाचीच्याच दंडाचं 'रक्त घेतलं'. मग मलम लावून बघणं, मग दंडाला पट्टा, मग नुसतंच दवाखान्यात जाऊन त्या खुर्चीत बसून येणं. आठव्या भेटीला सगळं फिसकटलं. दवाखान्यात कुणाचं तरी मूल रडत होतं, आणि हा जो उठला तो थेट बसस्टॉपवर. नवव्या भेटीला पुन्हा चहापासून सुरुवात. अकराव्या भेटीत रक्त मिळालं. थायरॉइडच निघालं.

"अकरा भेटी!" मी म्हणालो. बँकेत आम्ही एका कर्जदाराच्या दारात अकरा वेळा गेलो असतो तर इन्स्पेक्शनवाल्यानं शेरा मारला असता. ती हसली. तिच्या साहेबांनाही आकडे भरावे लागतात, आणि अकरा भेटींत एक नळी रक्त हा आकडा त्यांना वरच्यांना समजावून सांगावा लागतो.

इंग्रज डॉक्टरांकडे एक शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ असा की, निदानाची सावली पडते. समोरचा माणूस बुद्धीनं अधू आहे हे एकदा दिसलं की त्याचं बाकीचं सगळं दुखणं त्या एका सावलीत झाकलं जातं. ओरडतो? असाच आहे. डोकं आपटतो? सवय आहे. दात किडलाय का, कान फुटलाय का, पोट साफ होतं का, हे पाहायचंच राहून जातं. ब्रिस्टल विद्यापीठानं २०१० ते २०१२ या काळात झालेल्या अशा २४७ माणसांच्या मृत्यूंची छाननी केली आणि २०१३ साली निष्कर्ष मांडले. इतर जनतेच्या तुलनेत यांतले पुरुष सरासरी १३ वर्षं आणि बायका २० वर्षं आधी गेल्या होत्या. हे अशा देशात, जिथे दवाखाना फुकट आहे. म्हणूनच तिथे आता चौदाव्या वर्षापासून अशा प्रत्येकाची वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी करून घेता येते. ती करून घ्यायला त्याला दवाखान्यापर्यंत आणणं हे भाचीचं काम.

आणि तो तक्ता. त्या सात चित्रांची मी थट्टा केली, तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "मामा, आमची माणसं बद्धकोष्ठानं मरतात." हालचाल कमी, पाणी कमी, शांत ठेवायच्या गोळ्यांनी आतडं आणखी मंद, आणि 'पोटात दुखतंय' हे सांगायला शब्द नाहीत. मग तो मारतो, चावतो, स्वतःला बडवतो, आणि गोळ्या वाढतात.

मी हातातली बशी पुसत उभा होतो. ती किती वेळ पुसत होतो कोण जाणे.

माझा धाकटा भाऊ असाच होता. आमच्या साताऱ्याच्या घरात त्याच्यासाठी 'भोळा' हा शब्द होता, गल्लीत दुसरा. बोलणं पाच-सहा शब्दांचं. त्याची भाषा फक्त आईला येत असे. तो डावा कान बडवू लागला की ती त्याच्या पोटावरून हात फिरवायची. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. दर शनिवारी रात्री त्याला कोमट दुधातून एरंडेल द्यायची. १९९३ साली आई गेली आणि तो माझ्याकडे आला. बायकोनं त्याचं सगळं मनापासून केलं. एरंडेल मात्र आम्ही बंद केलं. जुनाट प्रकार वाटला. आणि आई काही लिहून ठेवून गेली नव्हती.

१९९६ चा मार्च. बँकेत इयर-एंडिंगची धामधूम, मी रात्री दहाला घरी यायचो. तो जेवेना, रात्रभर कान बडवायचा. डॉक्टर म्हणाले, आईची आठवण येत असेल, गोळी देऊ. गोळीनं तो शांत झाला. चार दिवसांनी पोट फुगलं तेव्हा हॉस्पिटलात नेलं. आतडं फाटलं होतं. तेहेतीस वर्षांचा होता. 'सुटला बिचारा,' असं लोक म्हणाले, आणि खोटं कशाला सांगू, मीही मान डोलावली.

त्या वेळी भाची सोळा वर्षांची. धाकट्या मामाचा तिच्यावर भारी जीव. सुटीत आली की तिची वेणी हातात धरून गावभर फिरायचा.

मी तिला सरळ विचारलं, "म्हणजे ते एरंडेल चालू ठेवलं असतं तर?"

तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भांडी कपाटात लावली, ओटा पुसला. मग म्हणाली, "मी ही शाखा का घेतली, हे तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

भारतात परतल्यावर मी जरा चौकशी केली. अशी नर्स आपल्याकडे नाही. लहान मुलांची तपासणी आहे. शाळा आहेत, मुंबईची जय वकील शाळा तर १९४४ पासूनची. पण अठरा वर्षं उलटली की घर आणि आई, बस्स. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानं जिल्हा पातळीवरच्या समितीकडून पालक नेमून घेता येतो, 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विमासंरक्षण आहे, २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे. हे सगळं चांगलंच आहे. १९९९ च्या आधी एक विधवा बाई आपल्या मुलाचं खातं उघडायला माझ्या टेबलाशी आल्या होत्या, तेव्हा मी कराराच्या कायद्यावर बोट ठेवून त्यांना परत पाठवलं होतं. 'माझ्यामागं याचं काय?' या त्यांच्या प्रश्नावर मी 'नॉमिनी लावा' म्हणालो होतो. आज निदान खात्याचा प्रश्न सुटतो. पण दंडावर मलम लावून अकरा वेळा चहा प्यायला येणारं कुणी नाही. अशा मुलांच्या आया मात्र जिकडेतिकडे आहेत. त्यांना जे ठाऊक आहे ते फक्त त्यांच्याच डोक्यात आहे.

निघायच्या आदल्या रात्री भाचीनं मला एक कोरा कागद दिला. तिथे त्याला हॉस्पिटलचा पासपोर्ट म्हणतात. अशा माणसाला दवाखान्यात नेताना तो सोबत द्यायचा. सिग्नलसारखे तीन रंग असतात. लाल रकान्यात जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी, पिवळ्यात महत्त्वाच्या, हिरव्यात आवडीनिवडी. "घेऊन जा," ती म्हणाली, "कुणाला तरी दाखवता येईल."

झोप येईना म्हणून मी स्वयंपाकघरात बसून तो भरला. नाव धाकट्याचं. लाल रकान्यात लिहिलं: पोटात दुखलं की डावा कान बडवतो. शनिवारी एरंडेल, कोमट दुधातून. पिवळ्यात: दिवा मालवू नये. अनोळखी माणसानं आधी हात पुढे करावा, तो धरतो. हिरव्यात: वेण्या. मिरवणुकीचा बँड. चहा, तीन चमचे साखर.

पहाटे भाची पाणी प्यायला उठली. तिनं माझ्या खांद्यावरून सगळा कागद वाचला.

"तीन नाही, चार," ती म्हणाली. "आणि कपातून नाही घ्यायचा."

मी पेन पुन्हा उघडलं, तीनचे चार केले आणि पुढे लिहिलं: बशीत ओतून.