मोटारी वाहणारी गाडी आणि आपला ऊस

गळीत हंगाम उरकल्यावर एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही किन्हवलीला गेलो होतो. शहापूर तालुक्यातले, मुरबाडच्या अंगाचे हे गाव. मुलूख भाताचा. तिथे उसाची ओळख रसवंतीपुरतीच. तरीही मांडवात आमची गाठ पडली ती वाहतुकीच्याच माणसाशी. नवऱ्या मुलाचा मामा लांब ट्रेलरवर ड्रायव्हर. नाशिककडच्या नव्या मोटारी भरायच्या आणि परराज्यांत पोचवायच्या, हे त्याचे काम. आम्ही साखर कारखान्याचे म्हटल्यावर तो हसला. "मंग तुमाला वजनाचा त्रास, साहेब. आमाला लांबीचा."

कसारा घाट उतरून शहापूरवरून जाणारे हे दुमजली ट्रेलर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. आपल्या दारात येणारा नवा ट्रॅक्टरही बहुधा अशाच कुठल्या तरी गाडीच्या पाठीवरून येतो. लहान मोटारीचे वजन टनाच्या आसपास. आठ मोटारी चढवल्या तरी भार आठ-नऊ टन. तेवढ्या धुडाला ते काहीच नाही. पण जागा मात्र संपते. बगॅसची गाडी शिगोशीग भरली तरी काट्यावर हलकीच भरते, तसाच हा प्रकार. उसाचे उलटे. गाडीत जागा दिसत असते, पण वजनाची मर्यादा कधीच ओलांडलेली असते.

गाडीची लांबी, रुंदी, उंची किती असावी हे केंद्राच्या १९८९ च्या मोटार वाहन नियमांत, ९३ व्या नियमात, ठरवून दिले आहे. नियम देशाला एकच. पण टेप लावणारा हात प्रत्येक राज्याचा वेगळा. शिवाय अमुक रस्त्यावर वा अमुक भागात अवजड गाड्या नकोत असे म्हणण्याचा अधिकार १९८८ च्या कायद्याने राज्यांनाही दिलेला आहे. घोटाळा इथेच होतो.

मामाने आपबीती सांगितली. पासिंग झालेली गाडी, कागदपत्रे पुरी. दोन राज्ये सुखरूप ओलांडली. तिसऱ्या राज्यात टेप लागला. "खोटं कशाला बोलू? मागची फळी ओढून एक मोटार जास्त बसवलेली. पण मागच्या दोन राज्यांत कोनी बोलला नाय." गाडी तीन दिवस उभी. जास्तीची मोटार उतरवून दुसऱ्या गाडीवर चढवावी लागली आणि तो खर्च मालकाने कापला तो मामाच्या पगारातून. फळी ओढायला सांगणारा मालकच होता, हे वेगळे सांगायला नको.

आम्ही त्याला विचारले, मालक असे का सांगतो? त्याचे उत्तर आम्हाला फार शहाणपणाचे वाटले. भाडे ठरते तेच मुळी जास्तीची मोटार धरून. जिथे कोणी विचारत नाही त्या राज्यातला वाहतूकदार दर पाडतो आणि नियमात भरणारा घरी बसतो. म्हणजे कडक राज्याने व्यापार जेवढा अडतो, त्याहून तो ढिल्या राज्याने नासतो, असे आमचे मत झाले.

राज्यांच्या सीमेवरची ही ओढाताण जुनीच आहे. घटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मोकळा ठेवला आहे. थोडासाच रस्ता राजस्थानातून जाणाऱ्या बसवाल्यांनी तिथल्या वाहन कराविरुद्ध याच कलमाखाली दाद मागितली होती. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रस्त्यांच्या सोयीच्या बदल्यात घेतलेला कर हा अडथळा नव्हे. ही कसोटी पुढे पन्नासहून अधिक वर्षे टिकली. २०१६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ती बाजूला ठेवली. दरम्यान २०१० साली नॅशनल परमिटची पद्धत बदलून साऱ्या देशासाठी एकच ठोक फी आली आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही गेली. मुलुंडच्या नाक्यावर रात्र काढलेल्या ड्रायव्हरांना त्याचे मोल विचारावे!

लांबीचा नियमही थोडा सैल झाला. २०२० च्या दुरुस्तीने ट्रक-ट्रेलरच्या जोडीची मर्यादा १८ मीटरवरून १८.७५ मीटर झाली. पाऊण मीटर म्हणजे काय, असे आपल्याला वाटेल. पण जिथे बोटभर फट ठेवून मोटारी लावतात, तिथे ते पुष्कळ. २०२२ मध्ये मोटारसायकली वाहण्यासाठी तीन मजल्यांना परवानगी मिळाली. अट एवढीच की सांगाडा ड्रायव्हरच्या केबिनवर येता कामा नये.

आता आपल्याकडचे. २०१८ साली दहा टायरी ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर नेले गेले, ते चांगलेच झाले. पण १ सप्टेंबर २०१९ पासून जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे. तीन टन जास्त भरले की २६ हजार. भार बाजूने, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तरी २० हजार वेगळे. पैसे भरले की पुढे जायची मुभा, असेही नाही. काही राज्ये पैसे घेऊन जादा वजनाची कार्डे देत होती; ती सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच बेकायदा ठरवली. जादा माल उतरवावाच लागतो.

आणि आपली वाहतूक टनावरच असते. शेजारच्या कार्यक्षेत्रात ट्रॉल्या वाटेल तशा भरू दिल्या की आपल्या वाहतूकदारालाही तो दर परवडेनासा होतो आणि तोही भरतो. सापडला, तर भुर्दंड बहुतेक वेळा ड्रायव्हरवर. कायद्यात मात्र गाडी चालवायला लावणाराही जबाबदार धरलेला आहे. पुढच्या हंगामाचे वाहतूक करार होतील तेव्हा दंड कोणी सोसायचा, हे स्पष्ट लिहून घेण्याविषयी सभासदांनी वार्षिक सभेत जरूर विचारावे. आम्हीही विचारणार आहोत.

जेवणे उरकली तशी मामाने घाई केली. गाडी महामार्गावर एका ढाब्याशी उभी होती. अवजड गाड्यांना दिवसा ठाण्यात ठरावीक वेळेतच सोडतात, तेव्हा रात्रीतच पुढे निघायला हवे होते. "या खेपेला सात मोटारीच हायत," जाता जाता तो म्हणाला, "फळी आत हाय."