पाठाळ, गाडीचे चाक आणि पनवेल : पशुबळावर उभ्या राहिलेल्या एका बाजारपेठेची घडण (प्रारंभ ते इ. स. १८६३)

प्रास्ताविक

पनवेलच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने तीन अंगांनी झालेले आढळते. खाडीकाठचे बंदर, मुंबई-पुणे मार्गावरील नाके आणि महाराष्ट्रातील जुन्या नगरपालिकांपैकी एक अशी या गावाची ओळख करून दिली जाते. ही तिन्ही विशेषणे यथार्थ आहेत. परंतु त्यांमधून एक मूलभूत प्रश्न अनुत्तरित राहतो. बंदरात उतरलेला माल सह्याद्रीवर चढवला कोणी? वाफेचे इंजिन येण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर एकच होते, ते म्हणजे बैल. बंदर, रस्ता आणि बाजार यांना जोडणारा हा दुवा स्थानिक इतिहासात बहुधा गृहीत धरला जातो आणि म्हणूनच तो दुर्लक्षितही राहतो.

'पशुधनाचे गाव' म्हटले की जनावरांचा आठवडे बाजार किंवा दुभत्या जनावरांचे गोठे डोळ्यांसमोर येतात. ठाणे जिल्ह्यातील म्हसा येथील पौष पौर्णिमेची यात्रा बैलांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध आहे. पनवेल त्या अर्थाने पशुधनाचे गाव नव्हे. येथे जनावर हा विक्रीचा माल नसून वाहतुकीची शक्ती होती. त्या शक्तीची गरज भागवण्यातून गावातील कारागिरी, व्यापार आणि रोजगार आकारास आला. या दृष्टीने पनवेलच्या जडणघडणीचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विवेचनाची कालमर्यादा रेल्वेने बोरघाट ओलांडला त्या १८६३ या वर्षापर्यंत ठेवली असून, त्यानंतरच्या घडामोडींचा केवळ आवश्यक तेवढाच निर्देश केला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

पनवेल हे गाढी नदीच्या काठी, मुंबई बंदराच्या पूर्वेकडील खाडीच्या शेवटच्या टोकाशी वसलेले आहे. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते व मचवे येथपर्यंत येत आणि ओहोटीबरोबर परत जात. पूर्वेस प्रबळगड व माथेरानचा डोंगर, दक्षिणेस कर्नाळा किल्ला आणि त्यापलीकडे बोरघाटाची वाट अशी या परिसराची रचना आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या किल्ल्यांत कर्नाळ्याचा समावेश होता, यावरून या वाटेवर नजर ठेवणाऱ्या किल्ल्याचे महत्त्व लक्षात येते.

जलमार्ग जेथे संपतो आणि खुष्कीचा मार्ग जेथे सुरू होतो, तेथे माल उतरवावा लागतो. उतरवलेला माल साठवावा लागतो, तो पुन्हा लादावा लागतो आणि त्यासाठी जनावर व माणूस दोहोंची सोय करावी लागते. पनवेलच्या वाढीचे कारण या 'बदलाच्या जागे'त आहे. खाडी नसती तर येथे बंदर झाले नसते हे खरेच. पण घाट नसता तर येथे बैलांचा तळही पडला नसता.

तांड्यांचा काळ

चाकाचा रस्ता होण्यापूर्वी घाटातील वाहतूक पाठाळांवर, म्हणजे पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलांवर अवलंबून होती. लमाण व वंजारी यांचे तांडे देशावरून धान्य, गूळ व कापूस घेऊन खाली उतरत आणि परतीच्या वाटेवर कोकणातील मीठ व तांदूळ भरून नेत. उरण-पेण परिसरातील मिठागरे या व्यवहाराचा महत्त्वाचा आधार होती. मीठ ही देशावर न पिकणारी, तथापि माणसाला आणि गुरांनाही लागणारी वस्तू असल्याने तिची मागणी कायम असे.

या व्यवस्थेचे अर्थशास्त्र साधे पण कठोर होते. एका पाठाळावर साधारणपणे शंभर ते सव्वाशे किलो ओझे लादता येई. दिवसाची मजल दहा-पंधरा किलोमीटरची असे, कारण बैलांना वाटेत चरण्यासाठी वेळ द्यावा लागे. म्हणजेच वाहतुकीचे 'इंधन' हे वाटेवरचे गवत व पाणी होते. ज्या मार्गावर चराई मुबलक, तोच मार्ग स्वस्त. पावसाळ्यात घाट निसरडा होई आणि समुद्रही बंद असे. शिवाय शेतीच्या कामांना बैल लागत. त्यामुळे वाहतुकीचा हंगाम सर्वसाधारणपणे दसऱ्यापासून मृगापर्यंतचा होता. पनवेलच्या बाजाराची लयही स्वाभाविकपणे याच हंगामाशी बांधलेली होती.

१७७८-७९ ची मोहीम : पशुबळाची मर्यादा

पनवेल-बोरघाट मार्गावर पशुबळाचे महत्त्व आणि मर्यादा या दोहोंचा प्रत्यय देणारी घटना म्हणजे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातील वडगावची मोहीम होय. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्याच्या हेतूने मुंबईकर इंग्रजांचे सुमारे चार हजारांचे सैन्य नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून निघाले आणि पनवेल येथे उतरले. या सैन्याबरोबर तोफा, दारूगोळा व रसद वाहण्यासाठी सुमारे १९ हजार बैल होते, असा उल्लेख मराठ्यांच्या इतिहासावरील ग्रंथांत येतो. सैनिक आणि बैल यांचे हे प्रमाण लक्षणीय आहे. एका सैनिकामागे जवळपास पाच बैल होते.

एवढ्या जनावरांना दररोज चारा-पाणी पुरवणे आणि त्यांना घाटाच्या अरुंद वाटेवरून वर चढवणे हे काम अतिशय मंदगतीने झाले. जानेवारी १७७९ च्या दुसऱ्या आठवड्यात सैन्य तळेगावपर्यंत पोहोचले, तोवर मराठ्यांनी पुढील प्रदेशातील धान्य व वैरण नष्ट केली होती. माघार घेताना वेढल्या गेलेल्या इंग्रजांना वडगावचा करार स्वीकारावा लागला. या पराभवाची राजकीय व लष्करी कारणे अनेक आहेत. तथापि वैरण तोडणे म्हणजे सैन्याची चाकेच काढून घेणे, हे मराठा सेनानींनी ओळखले होते, हा मुद्दा येथे महत्त्वाचा ठरतो.

पायवाटेपासून गाडीरस्त्यापर्यंत

या अनुभवानंतर पाव शतकाने, १८०४ च्या सुमारास, जनरल आर्थर वेलस्ली यांनी तोफा नेता येतील अशा प्रकारे बोरघाटाची वाट सुधारून घेतली. दख्खनमधील मोहिमांत बैलांच्या पुरवठ्याकडे त्यांनी दिलेले लक्ष सुपरिचित आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर लष्करी गरजेला व्यापारी व प्रशासकीय गरजेची जोड मिळाली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर १८३० मध्ये, बोरघाटाचा गाडीरस्ता वाहतुकीस खुला झाला. मुंबईहून बोटीने पनवेल आणि तेथून खोपोली, खंडाळामार्गे पुणे असा प्रवास रूढ झाला.

या बदलाचा अर्थ केवळ 'रस्ता झाला' एवढाच नाही. पाठाळाची जागा गाडीने घेतली आणि तीच बैलजोडी पूर्वीपेक्षा कितीतरी पट माल ओढू लागली. वाहतूक करणारा समाजही बदलला. तांडे हे भटके व्यावसायिक होते. गाडीवान मात्र बव्हंशी देशावरचा शेतकरी होता. सुगीनंतर शेतात काम नसलेली बैलजोडी तो भाड्याच्या वाहतुकीस जुंपू लागला. शेतीचा आणि बंदराचा असा थेट संबंध जुळला. तांड्यांच्या दृष्टीने मात्र हा बदल उपजीविकेवर आलेले पहिले मोठे संकट होते. रेल्वेने ते पूर्ण केले.

खडीच्या रस्त्याने जनावराच्या गरजाही बदलल्या. मातीच्या वाटेवर न झिजणारे खूर खडीवर झिजत, म्हणून बैलांना पत्री ठोकणे आवश्यक झाले. चराईवर विसंबून चालणारा तांडा आता मागे पडला. मुक्कामावर विकत मिळणाऱ्या वैरणीवर चालणारी गाडी पुढे आली. म्हणजे जी गोष्ट पूर्वी रानातून फुकट मिळे, ती बाजारातून घ्यावी लागू लागली. मुक्कामाच्या गावांना उत्पन्नाचे नवे साधन मिळाले ते असे.

चाकांचा उद्योग

या परिस्थितीतून पनवेलचा वैशिष्ट्यपूर्ण उद्योग उभा राहिला. तो म्हणजे बैलगाडीची चाके तयार करण्याचा. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये या गावाचा प्रमुख उद्योग म्हणून त्याची नोंद आहे. देशावरून येणारा गाडीवान परतताना पनवेलहून चाकांची जोडी घेऊन जाई आणि गाडीचा सांगाडा घाटमाथ्यावर तयार होई, अशी ही विभागणी होती.

ही विभागणी का झाली, याची कारणे तपासण्याजोगी आहेत. पहिले कारण लाकडाचे. चाकाला चिवट, हादरे सोसणारे आणि सहसा न तडकणारे लाकूड लागते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या जंगलांत मिळणारे तिवसाचे लाकूड या गुणांसाठी प्रसिद्ध आहे. दुसरे कारण लोखंडाचे. चाकावर चढवायची धाव लोखंडाची असते आणि लोखंड मुंबई बंदरातून जलमार्गाने सहज येऊ शके. तिसरे कारण गिऱ्हाइकाचे. घाट उतरताना चाकांवर सर्वाधिक ताण येतो आणि झिजलेले चाक घाट चढण्यापूर्वी बदलणे शहाणपणाचे असते. लाकूड, लोखंड आणि गरजवंत गाडीवान हे तिघे जेथे एकत्र आले, तेथे सुताराचा व लोहाराचा धंदा बहरला.

चाक हे एकट्याचे काम नव्हे. मधला तुंबा कातून त्यात आऱ्यांसाठी भोके पाडणे, वाकसाने आरे तासणे, परिघाचे वक्र तुकडे एकमेकांत बसवणे हे सुताराचे काम. धाव तापवून चढवणे हे लोहाराचे. धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान ठेवतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होऊन प्रसरण पावली की चाकावर बसवून लगेच पाणी ओततात. आकुंचन पावणारी धाव सर्व सांधे आवळून धरते. या प्रक्रियेत मोजमाप चुकले तर आरे तरी सैल राहतात किंवा चाक तरी फुटते. शाळेत पदार्थविज्ञान न शिकलेल्या कारागिरांचे हे उपयोजित ज्ञान होते. इंधनासाठी लागणाऱ्या गोवऱ्याही गुरांच्या शेणाच्याच, ही बाबही येथे नोंदवण्याजोगी आहे.

गावाची रचना आणि समाज

पशुबळाची ही अर्थव्यवस्था केवळ गाडीपुरती मर्यादित नव्हती. कोकण किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाज तेल गाळण्याच्या व्यवसायामुळे आणि शनिवारी काम बंद ठेवण्याच्या धर्माचारामुळे 'शनवार तेली' म्हणून ओळखला जाई. तेलाचा घाणा फिरवणाराही बैलच. पनवेल येथील बेथ एल सिनेगॉग १८४९ चे असून ते या समाजाच्या येथील स्थैर्याचे द्योतक आहे.

पाण्याचा प्रश्नही जनावरांशी निगडित होता. काम करणाऱ्या एका बैलाला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागते. हंगामात गाड्यांचा तळ पडत असेल तर खाडीच्या खाऱ्या पाण्याशेजारी गोड्या पाण्याचे साठे ही निकड ठरते. वडाळे, कृष्णाळे, देवाळे व इस्राएल हे पनवेलचे तलाव या संदर्भातही अभ्यासले जाणे आवश्यक आहे.

वाढती वर्दळ म्हणजे वाढती घाण, धूळ आणि रस्त्यांची दुरुस्ती. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावांना नगरपालिका स्थापन करण्याची मुभा दिली आणि १८५२ मध्ये पनवेलची नगरपालिका अस्तित्वात आली. इतक्या लवकर नागरी व्यवस्थेची गरज भासणे हे येथील वर्दळीचेच निदर्शक मानता येईल.

रेल्वे आणि परिवर्तन

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. १८५६ मध्ये ती कल्याण-कर्जतमार्गे खोपोलीस पोहोचली. १८५८ मध्ये घाटमाथ्यावरील खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. या मार्गाने पनवेल पूर्णपणे बाजूस टाकले. विशेष म्हणजे १८५८ ते १८६३ या पाच वर्षांत दोन्ही लोहमार्गांमधील घाटाचा टप्पा पालखी, तट्टू आणि बैलगाडी यांनीच पार करावा लागे. वाफेच्या युगातही अवघड चढण काही काळ बैलांच्याच खांद्यावर होती. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि पनवेलचे मध्यस्थाचे स्थान संपुष्टात आले.

तथापि गाव उजाड झाले नाही. स्थानिक भाताचा व्यापार आणि चाकांचा उद्योग टिकून राहिला, कारण रेल्वे स्थानकापर्यंत माल नेण्यासाठी गाड्या लागतच होत्या. त्याच काळात दुसरे बंधन आले. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलातील लाकूडतोड व चराई नियंत्रित झाली. शेजारच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या जंगल सत्याग्रहामागे लाकूड आणि गवतावरील हक्काचा हाच प्रश्न होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. पनवेलची घडण जलमार्ग व घाटमार्ग यांच्या संधिस्थानामुळे झाली. मात्र हे दोन मार्ग जोडण्याचे प्रत्यक्ष कार्य पशुबळाने केले.

२. १८३० च्या गाडीरस्त्याने वाहतुकीचे साधन, ती करणारा समाज आणि मुक्कामाच्या गावांचे अर्थकारण या तिन्हींत बदल घडवला.

३. चाकांचा उद्योग हा योगायोग नसून लाकूड, लोखंड व गिऱ्हाईक यांच्या एकत्रीकरणाचे फलित होते.

४. वाहतुकीवर जगणाऱ्या गावाचे भवितव्य मार्गाच्या आखणीवर अवलंबून असते. १८५६ च्या आखणीने पनवेलला वगळले. वाशीच्या पहिल्या खाडीपुलाने (१९७३) आणि २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने त्यास पुन्हा केंद्रस्थानी आणले.

कळंबोलीच्या परिसरात मालमोटारींची दुरुस्ती करणारी गॅरेजे ही एका अर्थाने जुन्या चाकसुतारांची वारसदार आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी दहा गावठाणे हलवण्यात आली आणि त्यांबरोबर गोठे, गुरचरणी व त्यांच्याशी निगडित शब्दसंपत्तीही विस्थापित झाली. तुंबा, धाव, पत्री, पाठाळ हे शब्द माहीत असलेली अखेरची पिढी आज वार्धक्यात आहे. कागदपत्रांतून बंदराचा इतिहास पुढेही लिहिता येईल. गाडीवान, सुतार आणि लोहार यांचा इतिहास मात्र बव्हंशी त्यांच्या स्मरणातच आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून त्याचे संकलन हाती घेतल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही, एवढे निश्चित.