उतारवयाची तजवीज

नोकरदार माणूस ठरल्या वयाला निवृत्त होतो. शेतकऱ्याला कोणी निवृत्त करीत नाही. मजुराला नाही, धरणात मासे धरणाऱ्यालाही नाही. पण शरीर एक दिवस निवृत्त होतेच. गुडघे धरतात. डोळ्यांना कमी दिसते. खोरे उचलत नाही, जाळे ओढवत नाही. काम थांबते, पण पोट थांबत नाही. औषधपाणी तर उलट वाढते. मग त्या दिवसांत पैसा आणायचा कुठून?

उजनीच्या काठी गावोगाव हा प्रश्न आहे. कोणी म्हणतो, "पोरं बघतील की." कोणी म्हणतो, "रान हाय, मग कसली काळजी?" दोन्ही आधार खरे आहेत. पण तेवढ्यावर भागत नाही. का भागत नाही, ते पाहू.

रान आणि पोरं

पूर्वी जमीन हीच म्हाताऱ्या माणसाची पेन्शन होती. मग भीमा नदीवर उजनीचे धरण झाले. १९८० साली ते पुरे झाले. धरणामुळे दूरदूरची राने भिजली, पण काठच्या गावांची काळी जमीन पाण्याखाली गेली. जमिनीच्या बदल्यात रोख भरपाई मिळाली. आता जमीन काही उठून बाजारात जात नाही. रोख पैशाला मात्र पाय असतात. लग्न, घर, देणे, पाहुणे अशा वाटांनी तो निघून जातो. त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मोठी रक्कम हाती येणे निराळे आणि ती म्हातारपणापर्यंत टिकणे निराळे.

उरलेल्या जमिनीच्याही वाटण्या होत जातात. आजोबांचे वीस एकर नातवापाशी दोन एकर होते. त्यात ऊस लावला, केळी लावली, तरी खाणारी तोंडे तेवढीच राहतात.

आता पोरांचे पाहू. पोरं वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. पण मुलगा पुण्याला कामाला असला, तर त्याला घरभाडे आहे, मुलांच्या शाळेचा खर्च आहे. त्याचीच ओढाताण चाललेली असते. दर गोळीला, दर एस. टी. च्या तिकिटाला त्याच्यापुढे हात पसरावा लागला, तर त्याला जड जाते आणि आपल्यालाही लाज वाटते. आपल्या गाठीला चार पैसे असले, म्हणजे मुलाचा आधारही गोड लागतो.

धरणाचा धडा

साठवण कशी करावी, हे धरणाकडूनच शिकता येते. उजनी पूर्ण भरली, की तिच्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले सुमारे ६३ टीएमसी पाणी तळाशी, खालच्या पातळीत असते. त्याला मृतसाठा म्हणतात. नेहमीच्या वापराचे पाणी त्याच्या वरचे. पाणी त्या पातळीच्या खाली गेले, की आपण म्हणतो, "उजनी वजा झाली." २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. तेव्हा तळाच्या पाण्यानेच माणसांची तहान भागवली.

घरातही असा तळाचा साठा हवा. सणाला, मोटारसायकलला, हौसेला त्यातला पैसा काढायचा नाही. वरचे पाणी वर्षाला वापरावे, तळाचे उतारवयाला ठेवावे.

किती पैसा लागेल?

समजा, आज नवराबायकोला महिन्याला ६,००० रुपये लागतात. म्हणजे वर्षाला ७२,००० रुपये झाले. पण महागाई थांबत नाही. तिचा एक सोपा हिशेब आहे. दरवर्षी जितके टक्के भाव वाढतात, त्या आकड्याने ७२ ला भागावे. जे उत्तर येईल, तितक्या वर्षांत खर्च दुप्पट होतो. भाव दरसाल ६ टक्के वाढले, तर ७२ भागिले ६ म्हणजे १२ वर्षे. आज ६,००० लागतात, तर बारा वर्षांनी १२,००० लागतील. चोवीस वर्षांनी २४,००० लागतील. खाणे तेच, माणसेही तीच, पैसा मात्र चौपट.

म्हणूनच पत्र्याच्या पेटीत ठेवलेली नोट चोराने नेली नाही, तरी झिजते. पैसा व्याजाला लावलाच पाहिजे.

लवकर लावलेले रोप

केंद्र सरकारने २०१५ साली अटल पेन्शन योजना सुरू केली. १८ ते ४० वर्षे वयाच्या माणसाला बँकेत किंवा पोस्टात जाऊन तिच्यात नाव घालता येते. मात्र आयकर भरणाऱ्याला २०२२ च्या ऑक्टोबरपासून नव्याने नाव घालता येत नाही. साठ वर्षे पुरी झाली, की महिन्याला १,००० ते ५,००० रुपये पेन्शन मिळते. किती हवी, ते आपण आधी ठरवायचे. धनी गेला, तर तीच पेन्शन बायकोला मिळते. दोघेही गेली, तर साठलेली रक्कम वारस म्हणून नोंदलेल्या माणसाला मिळते.

महिना ५,००० रुपये पेन्शन हवी असेल, तर हप्ता असा पडतो. अठराव्या वर्षी सुरुवात केली, तर महिना २१० रुपये. तिसाव्या वर्षी ५७७ रुपये. चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये.

आता गुणाकार करून पाहा. अठराव्या वर्षी सुरू करणारा बेचाळीस वर्षांत १,०५,८४० रुपये भरतो. चाळिसाव्या वर्षी सुरू करणारा वीस वर्षांत ३,४८,९६० रुपये भरतो. पेन्शन दोघांनाही सारखीच. उशीर केला म्हणून दुसऱ्याला तिपटीहून जास्त पैसा भरावा लागला. ज्याने लवकर सुरुवात केली, त्याच्या वाटणीचे काम व्याजाने केले.

पण मघाचा महागाईचा हिशेब इथेही लावा. आजच्या ५,००० रुपयांना जे येते, ते वीस-तीस वर्षांनी येणार नाही. तेव्हा ही पेन्शन म्हणजे भाकरीबरोबरची चटणी समजा. भाकरीची सोय आणखी करावी लागेल. आणि एक गोष्ट विसरू नका. घरधनिणीच्या नावानेही वेगळे खाते काढा. मागे राहिलेल्या बाईचे हाल फार होतात. तिच्या नावावर स्वतःचे काही असावे.

चाळिशी उलटली असेल तर

वय गेले म्हणून हात जोडून बसू नये. पोस्टात आवर्त ठेवीचे खाते मिळते. महिना १०० रुपयांपासून पाच वर्षे भरता येते. आम्ही शाळेत होतो, तेव्हा पगारातून दरमहा निधीचा पैसा हातात येण्याआधीच कापला जाई. कधी कधी जिवावर येई. पण हाती आलाच नाही, म्हणून तो शिल्लक राहिला. तुमचा पगार कापणारा कोणी नाही. तो कापणारे तुम्हीच व्हा. उसाचे बिल किंवा केळीची पट्टी आली, की आधी दहावा हिस्सा बाजूला काढा. मग बाकीचा खर्च. खर्चातून उरेल ते साठवू म्हणणाऱ्याचे कधी उरत नाही.

साठीनंतर पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. एकरकमी पैसे ठेवले, की दर तीन महिन्यांनी व्याज हाती येते आणि मुद्दल पाच वर्षे शाबूत राहते.

साखर कारखान्यात किंवा कंपनीत फंड कापला जात असेल, तर नोकरी सोडताना घाई करू नका. दहा वर्षे नोकरी भरली, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचा हक्क येतो. त्याआधी पेन्शनचे पैसे काढून घेतले, की तेवढ्या वर्षांचा हक्क गेला. ही पेन्शन फार मोठी नसते. २०१४ पासून कमीत कमी महिना १,००० रुपये ठरली आहे. तरी ती जन्मभर येते.

ज्यांच्यापाशी काहीच नाही, त्यांच्यासाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. वय पासष्ट पुरे असावे आणि कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे. २०२३ पासून तिची रक्कम महिना १,५०० रुपये झाली. अर्ज तहसील कचेरीत करावा. त्यात लाज मानू नये.

पैसा कुठे ठेवावा?

पोस्टातल्या पैशाला सरकारची हमी असते. बँक बुडाली, तर एका खातेदाराला त्या बँकेतल्या ठेवीचे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्यातून मिळतात. २०२० च्या आधी ही मर्यादा १ लाख होती. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्यातल्या ठेवीला हा विमा नाही. पाटीवर "बँक" आहे की "पतसंस्था", हे वाचून पाहा. वाचायला शिकल्याचा हा एक मोठा फायदा! आणि कोणी दोन वर्षांत दामदुप्पट देतो म्हणाला, तर ७२ चा हिशेब मांडा. ७२ भागिले २ म्हणजे ३६ टक्के व्याज. एवढे व्याज सरळ मार्गाने कोण देईल?

नावावर करून देण्याआधी

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. पोरांच्या मायेने माणूस सारे रान त्यांच्या नावावर करतो. पुढे कधी कधी ताटाला महाग होतो. आईवडिलांच्या सांभाळासाठी २००७ साली कायदा झाला आहे. सांभाळ होत नसेल, तर प्रांत कचेरीत अर्ज करता येतो. "सांभाळ करीन" या अटीवर जमीन दिली असेल आणि सांभाळ केला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. पण ती अट कागदावर लिहिलेली असावी. तोंडचा शब्द शाबीत करणे अवघड जाते. त्याहून बरे म्हणजे निदान एक तुकडा आणि राहते घर आपण दोघे आहोत तोवर आपल्याच नावावर ठेवावे. हा पोरांवर अविश्वास नव्हे. कागद चोख असला, की घरात कुरबूर होत नाही.

या आठवड्यात एक काम करा. नवराबायकोने मिळून एका वहीत चार गोष्टी लिहा. आपले वय किती? महिन्याचा खर्च किती? कोणत्या खात्यात किती शिल्लक आहे? वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोरे राहिले, तर सोमवारी पासबुक घेऊन आधी बँकेत किंवा पोस्टात जा. बाकीची बचत त्यानंतर सुरू करा, पण याच महिन्यात करा.