कोलॅजनचा डबा घेण्याआधी

परवा एका वहिनींनी विचारले, "गुडघ्यांसाठी कोलॅजनची पावडर घेऊ का? महिन्याला पंचवीस पौंड पडतात." प्रश्न प्रकृतीचा तसाच खिशाचाही आहे, म्हणून या पानावर घेतो.

कोलॅजन हे हाडे, त्वचा आणि सांधे यांना धरून ठेवणारे प्रथिन. तीन धाग्यांची घट्ट वेणीच म्हणा ना! वेणीची ही रचना १९५४ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. रामचंद्रन हे आपल्या केंब्रिजचेच पीएच. डी.

पण ही वेणी पेशीत आपली आपण नीट पडत नाही. त्यासाठी मदतनीस प्रथिने लागतात. एक मदतनीस धाग्यांची टोके जुळवतो. दुसरा धाग्यांवर ठरावीक जागी ऑक्सिजन बसवतो. तो नसेल तर शरीराच्या उष्णतेनेच वेणी सुटते. तिसरा, 'एचएसपी ४७', गुंफलेल्या वेणीला चाप लावून पेशीतल्या पुढच्या कप्प्यापर्यंत पोचवतो आणि परत फिरतो. या तिसऱ्यात जन्मतः दोष असलेल्या मुलांची हाडे अतिशय ठिसूळ असतात.

दुसऱ्या मदतनिसाजवळ लोहाचा एक अणू असतो. तो कामास योग्य ठेवते क जीवनसत्त्व. ते संपले की हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत, हाच स्कर्व्ही. गंमत म्हणजे हे द्रव्य शुद्ध स्वरूपात प्रथम वेगळे केले ते सेंट-ज्यॉर्जी यांनी, १९२०च्या दशकात, इथेच केंब्रिजमध्ये हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. तेच क जीवनसत्त्व, हे मात्र १९३२ मध्ये कळले.

आता पावडर. पोटात तिचे तुकडे होतात आणि ते गुडघ्याकडेच जातील असे नाही. डाळ, दूध, अंडी यांतूनही धाग्यांचा कच्चा माल मिळतोच. त्वचेला थोडा फायदा दाखवणारे प्रयोग आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांना पैसा विकणाऱ्यांचा. शिवाय शाकाहारी मंडळींनी डब्यावरची बारीक अक्षरे वाचावीत: माल गुरांच्या कातड्याचा किंवा माशांचा असतो. 'व्हेगन' डब्यांत बहुधा कोलॅजन नसतेच.

एनएचएसच्या मते प्रौढांना दिवसाला ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. एका संत्र्यात ते भागते. मला काळजी वाटते ती भारतातून हिवाळ्यात येणाऱ्या आईवडिलांची. "थंड फळ बाधते" म्हणून ते चहा-टोस्टवर राहतात. हिरड्यांतून रक्त दिसले तर जीपीला दाखवाच. फळ तासभर आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा. कोबी फार शिजवू नका आणि पोह्यांवर लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.